गढूळ पाण्यातली प्रवाळं

मालवणच्या समुद्रात उतरायचं तर आधी काठावर उभं राहून पाणी वाचावं लागतं. सकाळी जेटीवर डायव्हिंगची पोरं फार बोलत नाहीत. वारा कुठून आहे, ओहोटीला किती वेळ उरलाय, खडकावर फुटणाऱ्या लाटेचा फेस पांढरा आहे की मातकट, एवढं बघून त्यांतला एखादा जाणता म्हणतो, "पाणी अजून निवळूक नाय." मग होडी उशिरा सुटते, नाहीतर दुसऱ्याच खडकाकडे वळते. सांगली-साताऱ्याहून रात्रभर गाडी हाकत आलेल्या मंडळींना हा उशीर जड जातो. त्यांना त्याच संध्याकाळी घाट चढून घरी पोचायचं असतं. मीही सांगलीचाच, त्याच वाटेने येणारा. पण समुद्राखाली काय दिसेल हे त्या थांबण्यावरच ठरतं, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

प्रवाळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लक्षद्वीप किंवा अंदमान येतं. निळंशार, काचेसारखं पाणी. मालवणचं पाणी तसं नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरची माती घेऊन कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, उत्तरेला गडनदी कालावलीच्या खाडीतून येते. त्यामुळे किनाऱ्यालगत पाण्यात गाळ असतोच. आयर्विन पुलावर उभं राहून श्रावणातली कृष्णा पाहिलेल्या माणसाला गढूळ पाणी म्हणजे काय हे सांगायला नको. पावसाळ्यात इथे डायव्हिंग बंदच असतं. ऑक्टोबरनंतर गाळ खाली बसू लागतो, आणि चांगल्या दिवशी काही मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. वाईट दिवशी जोडीदाराच्या फिन्सच्या पलीकडे सगळं हिरवट धुकं असतं.

अशा पाण्यात प्रवाळ जगतं कसं? प्रवाळ म्हणजे असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या यजमानाला देतं. पाणी गढूळ झालं की प्रकाश कमी पोचतो आणि वरून गाळ अंगावर बसतो, म्हणजे उपासमार आणि गुदमरणं एकदमच. म्हणून मालवणला फांद्याफांद्यांची नाजूक प्रवाळं शोधत बसू नये. इथे राज्य आहे ते गोलमटोल दगडासारख्या पोरायटिसचं, खडकाला चिकटून पसरणाऱ्या फेव्हायटिसचं आणि पसरट पानांसारख्या टर्बिनारियाचं. ही चिवट प्रवाळं आहेत. अंगावर गाळ बसला की ती चिकट स्राव सोडतात आणि प्रवाहाच्या मदतीने तो झटकतात. टर्बिनारियाच्या पानावर मातीचा पातळ थर आणि त्याच्या कडेला स्वच्छ झालेला पट्टा मी जवळून पाहिला आहे. तो पट्टा म्हणजे त्या प्राण्याचं चालू काम. चित्रांतल्या रंगीबेरंगी प्रवाळबागेपेक्षा मला हे दृश्य कितीतरी मोलाचं वाटतं.

पण तिथवर पोचण्याआधी शिकावं लागतं. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र आहे, तिथल्या खोल तलावात सुरुवात होते. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचं. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. खाली जाताना दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, म्हणजे कानावरचा ताण सुटतो. खुणांची भाषा वेगळी. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "मला वर जायचंय." हौशी पर्यटक मजा येतेय म्हणून उत्साहाने अंगठा दाखवतात आणि सोबतचा मुलगा त्यांना इमानदारीने वर घेऊन येतो. "ठीक आहे" म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करायचा.

सगळ्यांत अवघड असतं ते स्थिर राहणं. जॅकेटमध्ये हवा जरा जास्त झाली की माणूस वर उचलला जातो, कमी झाली की तळावर आदळतो. आदळला की फिन्सचा एक फटकारा वर्षानुवर्षं वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा पाडतो आणि तळाची माती उडवून मागून येणाऱ्यांना आंधळं करतो. ज्याला श्वासावर तरंगत राहणं जमलं, त्यालाच खालचे प्राणी दिसतात.

उतरताना पहिली गाठ पडते ती सर्गॅसमशी. तपकिरी समुद्री शेवाळाचं हे रान पावसाळ्यानंतर खडकांवर दाट वाढतं आणि लाटेसरशी डावीउजवीकडे झुलतं. त्यात नीट डोकावलं तर बोटाएवढ्या पिल्लांचे थवे दिसतात. खालून खडक सुरू झाला की पिवळसर पाठीवर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे धावून येतात. धावून येतात हा शब्द मी जपून वापरतो आहे. पर्यटकांना फोटो चांगला मिळावा म्हणून कित्येक ठिकाणी पाण्यात पाव किंवा बिस्किटाचा चुरा सोडतात. या माशांना ते पाठ झालं आहे. माणूस दिसला की ते जमतात, तोंडासमोर गर्दी करतात, फोटो झकास येतो आणि घरी गेल्यावर सगळे म्हणतात, केवढे मासे! मला हे मनापासून खटकतं. एका धीट जातीला सवय लागते, ती गर्दी करते आणि लाजऱ्या जाती मागे सरतात. आलेल्या माणसाला दिसतो तो बिस्किटाने जमवलेला घोळका. समुद्र बघायचा राहूनच जातो. शिवाय पावाचा मैदा हे त्या माशांचं अन्न नव्हे. शेवाळ आणि तरंगते सूक्ष्म जीव टिपायचे सोडून ते आयत्यावर बसतात.

काही न टाकता एका जागी तरंगत राहिलं की हळूहळू घोळका विरतो आणि खडक आपलं खरं रूप दाखवू लागतो. फुलपाखरू मासे जोडीने फिरतात, एक कपारीत शिरला की दुसरा तोंडाशी थांबतो. पोपट मासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचं शेवाळ खरवडतो. कान दिला तर ते खरवडणं ऐकू येतं, आणि गिळलेला चुनखडीचा भुगा तो मागे रेती म्हणून टाकतो. खडकाच्या पोटाशी गोबरा बसलेला असतो, मालवणी माणूस ज्याला गोबरो म्हणतो तो. तो पळत नाही, रंग बदलून खडकात मिसळतो. या कुळातल्या बऱ्याच जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे मोठे गोबरे सगळे पकडून नेले की मागे नरच उरत नाहीत. ही गोष्ट मासेमारी करणाऱ्यांच्या पोरांना मी सांगायची गरज नव्हती. मोठा गोबरा आता पूर्वीसारखा मिळत नाही हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं.

लायनफिश दिसला तर अंतर ठेवायचं. त्याचे पंखासारखे पसरलेले काटे विषारी असतात. केंड मासा घाबरला की फुगतो, म्हणून त्याला डिवचू नये. फुगण्यात त्याची पुष्कळ शक्ती जाते. वाळूत पाकट अर्धं पुरून पडलेलं असतं, फक्त डोळे वर. कपारीत शेवंडाच्या मिशा हलताना दिसतात. समुद्रकाकडी, समुद्रघोडा आणि खडक बांधणारी प्रवाळं या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. सोबतचा मुलगा उतरण्याआधीच बजावतो, "सर, खय हात लावू नकात." पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून वरच दोनदा बजावतो.

मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. क्षेत्र 29 चौरस किलोमीटरच्या आसपास, त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ पाण्यात. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळं टाकलं तिथे आता बंदी येणार ही भीती होती. ती भीती अनाठायी होती असं मला म्हणवत नाही. अभयारण्याचा नकाशा काढणारे आणि त्या पाण्यावर चूल पेटवणारे एकाच खोलीत बसून बोलले असते तर बरं झालं असतं. आज त्याच घरांतली मुलं डायव्हर म्हणून पर्यटकांना खाली नेतात. पाण्याखालचा खडक शोधायला त्यांना यंत्राची गरज भासत नाही. किल्ल्याचा अमुक बुरूज आणि मागच्या वाडीतलं झाड एका रेषेत आलं की नांगर टाकायचा, हे त्यांनी वडिलांच्या होडीत शिकलेलं असतं. मात्र नांगर खडकाशेजारच्या वाळूत टाकावा लागतो, प्रवाळावर नाही. जिथे पक्के बोये बांधलेत तिथे हा प्रश्नच येत नाही, आणि असे बोये सगळ्या ठिकाणी हवेत.

माझं मन खरं रमलं ते पाण्याखालच्या जीवांच्या मोजणीत. पाण्याखाली एक टेप खडकावर सरळ अंथरतात, आणि टेपच्या दोन्ही अंगांना ठरलेल्या रुंदीत जे काही आहे ते नोंदवतात. टेप अंथरल्या अंथरल्या मोजायला सुरुवात करायची नाही. माणसाच्या वावराने बिचकलेले मासे परत येईपर्यंत लांब थांबायचं. मग एक जण मासे लिहितो, दुसरा त्याच्यामागून चौकट ठेवून प्रवाळांचे फोटो घेतो. प्लास्टिकच्या पाटीवर साध्या पेन्सिलीने लिहिता येतं. श्वासाचे बुडबुडे कमी व्हावेत म्हणून सावकाश श्वास घ्यायचा. प्रवाळाच्या नोंदीत रंग फार महत्त्वाचा. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की आतलं शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. 2014 ते 2017 या काळात जगभर असं विरंजन झालं, आणि मालवणची प्रवाळंही त्यातून सुटली नाहीत. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. म्हणून तेच ठिकाण, तीच टेप, पुन्हा पुन्हा. एकदा पाहून काहीच कळत नाही.

या सगळ्याच्या पलीकडे, विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, आंग्रिया बँक आहे. खोल समुद्रातून वर उठलेलं पठार, माथा पाण्याखाली साधारण 20 मीटरवर. नाव सरखेल कान्होजी आंग्रे यांचं. ताराराणींच्या बाजूचे कान्होजी बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईने साताऱ्याच्या शाहू छत्रपतींकडे आले, आणि कोकणच्या आरमाराची सनद साताऱ्याच्या शिक्क्याची झाली. घाटावरच्या राजधानीचा हात समुद्रावर इतका लांब पोचला होता, याचं मला साताऱ्याला गेलो की अप्रूप वाटतं. आंग्रियावर नद्यांचा गाळ पोचत नाही, म्हणून तिथलं पाणी नितळ आणि प्रकाश खोलवर जातो. मालवणला जे प्रवाळ उथळ पाण्यातही प्रकाशासाठी झगडतं, ते तिथे कितीतरी खोल सुखाने वाढतं. 2019च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांच्या मोहिमेने तिथे जाऊन पाहणी केली. हौसेने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यासारखी ती जागा नाही, आणि तशी ती होऊही नये.

आता घाटाबद्दल. 10 मीटर खोलीवर शरीरावरचा दाब दुप्पट होतो, आणि टाकीतल्या हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळत राहतो. सावकाश वर आलं, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबलं, की तो श्वासावाटे निघू लागतो. पण सगळा लगेच निघत नाही. दाब झटकन कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात, क्वचित त्याहून वाईट होतं. म्हणून एका डाइव्हनंतर 12 तास आणि लागोपाठ डाइव्ह केल्यास 18 तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. तो दंडक 600 मीटरच्या वरच्या उंचीपासून धरतात. इथे घाटावरच्या माणसाने कान टवकारावेत. आंबोली 690 मीटरवर आहे, सातारा शहरच 700 मीटरच्या आसपास, आणि महाबळेश्वर 1300 च्या वर. म्हणजे विमानात न बसताही आपण दाब कमी करतो, फक्त गाडीतून. पर्यटकांच्या उथळ, काही मिनिटांच्या बुडीत विरघळणारा नायट्रोजन थोडाच असतो. पण दिवसभरात पुन्हा पुन्हा, खोल उतरणाऱ्या सातारकराने रात्र मालवणातच काढावी. हे मी आमच्याकडच्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो, कारण समुद्रकाठी राहणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

त्या सक्तीच्या मुक्कामाचा मोठा फायदा म्हणजे संध्याकाळी नोंदी पक्क्या होतात. जेवणाआधी पाट्या टेबलावर येतात, पेन्सिलीची अक्षरं वहीत उतरतात आणि वाद सुरू होतात. एकदा कासवावरून असाच वाद झाला. बाहेरच्या खडकाजवळ सगळ्यांनी ते पाहिलं होतं, शेवाळाला तोंड लावून बसलेलं. एक मुलगा म्हणत होता, ऑलिव्ह रिडले, कारण कोकणच्या वाळूत अंडी घालायला येतं ते हेच. दुसरा म्हणत होता, हिरवं कासव, कारण शेवाळ खात होतं. फोटो मोठा करून पाठीवरच्या ढाली मोजल्या. मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना हिरव्या कासवाच्या चार-चार मोठ्या ढाली असतात, रिडलेच्या त्याहून जास्त, बहुधा सहा किंवा अधिक. डावी बाजू फोटोत तिरपी आली होती, उजवी स्पष्ट होती. पहिल्या मुलाने बोट ठेवून चार मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि स्वतःच पेन उचलून लिहिलं: हिरवं कासव, एक, चरताना.