कर्सर : नोंदवहीवरील बोट

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहींत एका बाजूस सभासदाचा क्रमांक व दुसऱ्या बाजूस त्यानें नेलेल्या पुस्तकाचें नांव असतें. एकाच सभासदानें तीन पुस्तकें नेलीं, तर तोच क्रमांक तीन ओळींवर दिसतो. त्यांतील एक पुस्तक परत आलें, म्हणजे कारकून नेमक्या ओळीवर बोट ठेवून तेवढीच ओळ खोडतो. हें काम संगणकाकडे सोंपविलें असतां त्या बोटाची जागा कोण घेतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

संगणकावरील साध्या संग्रहांत प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात : एक किल्ली व दुसरा तिच्याशीं जोडलेला मजकूर. अमेरिकेंत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जन्मलेला 'बर्कले डीबी' हा अशा संग्रहांतील एक नामांकित होय. पुढें १९९६ सालीं त्यासाठीं स्लीपीकॅट ही कंपनी निघाली व २००६ सालीं ती ऑरॅकलनें विकत घेतली.

किल्ली सांगावी व मजकूर घ्यावा, हा येथील सरळ व्यवहार. परंतु एका किल्लीखालीं अनेक नोंदी ठेवण्याची मुभा दिली, कीं तोच घातक ठरतो. 'क्रमांक १२०४ ची नोंद काढावी' अशी आज्ञा होतांच त्या क्रमांकाच्या तीनही ओळी नाहींशा होतात. संग्रह तक्रार करीत नाहीं. त्यानें आज्ञा अक्षरशः पाळलेली असते. परत न आलेल्या दोन पुस्तकांचा मागमूस मात्र दप्तरीं उरत नाहीं.

हा अनर्थ कर्सर टाळतो. पडद्यावर लुकलुकणाऱ्या रेघेसही हेंच नांव आहे. पण येथें कांहीं दिसत नाहीं, संग्रहांतील एक जागा तेवढी लक्षांत ठेवली जाते. कर्सर पहिल्या, शेवटच्या किंवा सांगितलेल्या किल्लीच्या नोंदीवर ठेवतां येतो, आणि तेथून पुढें वा मागें सरकवितां येतो. किल्ली पुरती ठाऊक नसल्यास 'ही अथवा हिच्यानंतरची पहिली' असेंही सांगतां येतें. तेव्हां १२०४ वर कर्सर न्यावा, त्याच क्रमांकाच्या ओळी एकामागून एक पाहाव्या, हवें तें पुस्तक येतांच थांबावें व कर्सरकरवीं खोडावें. तेवढीच ओळ जाते. कर्सर मात्र जागचा हलत नाहीं : तेथेंच पुन्हा वाचूं गेल्यास 'नोंद नाहीं' असा जबाब मिळतो, आणि 'पुढें' म्हटलें कीं तो पुढच्या ओळीवर जातो. कर्सरखालचा मजकूर बदलतांही येतो. किल्ली मात्र बदलतां येत नाहीं. त्यासाठीं जुनी नोंद काढून नवीच घालावी लागते.

'पुढें' म्हणजे कोणत्या क्रमानें? बी-ट्री पद्धतीच्या संग्रहांत, वेगळें न सांगितल्यास, चिन्हांच्या सांकेतिक आंकड्यांच्या क्रमानें. म्हणून अक्षररूपानें लिहिलेला १० हा ९ च्या आधीं लागतो; आरंभीं शून्यें भरून ०९ लिहिणें हा त्यावर जुना व पुरेसा उपाय. मराठीची अडचण अधिक मौजेची आहे. शाळेंत मुलें ळ, क्ष, ज्ञ शेवटीं म्हणतात. युनिकोडच्या संकेतांत ळ हा ल आणि व यांच्या दरम्यान बसतो, आणि क्षीरसागर हें आडनांव खरे या आडनांवाच्या आधींच येऊन जातें. तें ह नंतर शोधणारा रित्या हातानें परततो.

एक कारकून ओळ वाचून ती बदलण्याच्या बेतांत असतां दुसराही तीच वाचून बसला, तर दोघेही परस्परांची वाट पाहत अडतात. यास्तव बदलण्याच्या हेतूनें वाचतांना तसें आधींच कळवून ओळ आपल्यापुरती राखून घ्यावी. काम होतांच कर्सर मिटावा, व त्यानंतरच संग्रह बंद करावा.