ऊनही आणि वीजही, एकाच दिवशी

मार्च उजाडला की मला हमखास विचारले जाते, "यंदा उन्हाळा कसा?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते. भारतीय हवामान विभाग मार्चच्या आणि एप्रिलच्या तोंडावर उन्हाळ्याचा अंदाज जाहीर करतो, पण तो एका शब्दाचा नसतो. 'विदर्भात तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता' याचा अर्थ एवढाच, की तीन महिन्यांचा हिशेब मांडला तर पारडे उष्णतेकडे झुकेल. तुमच्या घरच्या लग्नाच्या दिवशी नागपुरात किती तापेल, हे त्यात शोधू नये.

बातम्यांतला आकडाही नीट समजून घ्यावा लागतो. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, साधारण छातीच्या उंचीवर असतो. म्हणजे ४४ अंश ही सावलीतली हवा. उन्हात खडी फोडणाऱ्याच्या अंगाला काय लागते, ते त्या आकड्यात नाही. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त गेला, किंवा थेट ४५ ला पोचला, की उष्णतेची लाट मानतात. किनाऱ्यावर मर्यादा ३७ चीच आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराला थंड व्हायला दुसरी वाट नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्यांना ऊन लागले आणि सरकारी माहितीप्रमाणे १४ जण दगावले. तिथे पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. चंद्रपूर-अकोल्याच्या आकड्यांची आपण चर्चा करतो, कोकणपट्टीला मात्र गृहीत धरतो.

आता लोकांच्या थट्टेचा विषय. एकाच पत्रकात 'उष्णतेची लाट' आणि 'विजांसह वादळी पाऊस' दोन्ही दिसले, की म्हणतात, खात्याने दोन्हीकडून हात राखून ठेवला! तसे नाही. ऊन हेच वळवाचे इंधन आहे. वायव्येकडून कोरडे, तापलेले वारे विदर्भ-मराठवाड्यावर येतात, तोवर आकाश निरभ्र. मग बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत शिरते. सकाळी उकाडा वाढतो, जमीन दुपारपर्यंत तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर धावते आणि दोन-तीन तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. वर कडाक्याची थंडी. तिथे बर्फाचे कण आणि छोट्या गारा एकमेकांवर आदळतात, विद्युतभार वेगळे होतात आणि वीज पडते. पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेतून पडताना वाळतात, ती हवा थंड आणि जड होऊन कोसळते. पावसाआधी येणारी धुळीची वावटळ आणि गार झोत तो हाच. पुष्कळदा पाऊस चार थेंबांवर आटोपतो. वीज मात्र पडून गेलेली असते.

तासगावचा बेदाणा, हिंगोलीकडची वाळत घातलेली हळद या पावसात भिजते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. पण मला जास्त काळजी वाटते ती मे महिन्यात मशागतीला गेलेल्या माणसांची. दुपारी एक वाजता ज्या लिंबाखाली बसून ती उन्हापासून जीव वाचवतात, चार वाजता त्याच लिंबाकडे पावसापासून वाचायला धावतात. रानातले एकटे, उंच झाड म्हणजे विजेला जवळची वाट.

म्हणून सकाळी लाटेचा इशारा वाचला तरी दुपारी पुन्हा पाहावे. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. मोबाइल नसेल तर कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम तसेच टाकून पक्क्या घरात किंवा पत्र्याचे छत असलेल्या बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आडोसाच नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये, घोळक्याने उभे राहू नये.

कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला लोक घाबरतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.