पोरक्या मुलाच्या पाठीशी कोण?



आपल्या वेळणेश्वरला महाशिवरात्रीच्या जत्रेत एखादं पोर चुकलं, तर आपण त्याला जवळ बसवतो, पाणी देतो, नाव विचारतो. थोड्या वेळात त्याची आई शोधत येते. पण ज्याला न्यायला कुणी येणारच नाही, ज्याची भाषाही आपल्याला कळत नाही, त्या पोराचं काय?

हा प्रश्न ८० वर्षांपूर्वी घाटावर, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पोलंडमधली हजारो कुटुंबं सायबेरियात नेऊन टाकली. थंडी, उपासमार आणि रोगराईने कित्येक आईबाप दगावले. वाचलेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच. काही मुलं अगदी पोरकी होती. जामनगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे दिग्विजयसिंहजींनी, बालाचडी इथे मुलांसाठी वेगळी छावणी उभारली होती. ती बंद झाल्यावर १९४६ मध्ये तिथली मुलंही वळिवड्याला आली.

या मुलांना नुसतं अन्नवस्त्र मिळालं नाही. शाळा त्यांच्या भाषेत होती, शिकवणाऱ्या बाया त्यांच्याच देशातल्या होत्या, सणही त्यांचेच. युद्धानंतर मुलांना परत पाठवण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा जामसाहेबांनी आणखी दोघांसह अनाथ मुलांचं पालकत्व कागदावर घेतलं. कारण पोरक्या मुलाच्या वतीने बोलणारं कायद्याने कुणी नसेल, तर त्याला कुणीही कुठेही नेऊ शकतं.

आज आपल्याकडे आंब्याच्या राखणीला, होड्यांवर कामाला लांबून, अगदी नेपाळातूनही माणसं येतात. एखादं मूल एकटं, निराधार दिसलं तर २४ तासांच्या आत १०९८ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवा. कायद्यानेच ते आपल्यावर बंधनकारक आहे. पुढे त्या मुलाला बालकल्याण समितीपुढे नेतात. कागदपत्रं नसली, मूल परमुलखातलं असलं, तरीही कळवायचंच.

'राहू दे आपल्याकडे, हाताखाली होईल,' म्हणून परस्पर ठेवून घेऊ नका. परस्पर दत्तकही देऊ-घेऊ नका. मोबाइलवर त्याचा फोटो फिरवू नका. वाईट नजरेचा माणूसही तो पाहतो. भावंडं असतील तर ती एकत्र राहावीत, असं आवर्जून सांगा. आणि मूल स्वतःचं जे नाव सांगेल, तेच लिहून घ्या. पोरक्या मुलाजवळ बहुधा तेवढंच उरलेलं असतं.