सातव्या महिन्यातील विवाह : स्क्वायर बून यांच्या कुळाच्या नोंदी

अमेरिकेच्या वसाहतकाळातील सामान्य शेतकऱ्याचे आयुष्य आज बहुधा दोन-तीन कागदांत सामावते : जमिनीचे खरेदीखत, करयादीतील एक ओळ आणि असलेच तर मृत्युपत्र. पेनसिल्व्हेनियातील स्क्वायर बून (१६९६–१७६५) हे याला अपवाद ठरले. ते शेती करीत, हातमागावर कापड विणीत आणि लोहारकामही जाणत. त्यांचे पुत्र डॅनियल बून पुढे केंटकीची वाट मोकळी करणारे म्हणून विख्यात झाले, हे खरे; परंतु वडिलांच्या संसारातील बारीकसारीक प्रसंगही आज वाचता येतात, त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. हे कुटुंब क्वेकर होते, आणि क्वेकर समाज लिहून ठेवण्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होता.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ‘स्क्वायर’ ही येथे पदवी नसून व्यक्तिनाम आहे, आणि त्यांच्या एका धाकट्या मुलाचे नावही तेच होते. एकाच नावाच्या पिता-पुत्रांची सरमिसळ हा वंशावळ जुळविणाऱ्यांना पडणारा पहिला सापळा होय.

नोंदी का ठेवल्या गेल्या?

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या शिकवणुकीतून हा समाज उदयास आला. त्यात वेतनी धर्मगुरू नव्हता, बाप्तिस्म्याचा विधीही नव्हता. इंग्लंडमध्ये जन्म-विवाहाची नोंद होई ती मुख्यतः अधिकृत चर्चच्या दप्तरात. तो मार्ग क्वेकरांनी स्वतःच सोडलेला होता. साहजिकच जन्म, विवाह व मृत्यू यांचा पुरावा त्यांना स्वतःच जपावा लागला. हे काम त्यांच्या ‘मासिक सभे’कडे असे. स्त्रियांची व पुरुषांची सभा वेगळी भरे आणि दोन्हींचे इतिवृत्त लिहिले जाई.

स्थलांतर करणाऱ्या सभासदाला जुन्या सभेकडून वर्तणुकीचा दाखला घ्यावा लागे. स्क्वायर इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातून सुमारे १७१३ साली पेनसिल्व्हेनियात आले. त्यांचे वडील जॉर्ज बून १७१७ साली कुटुंबासह मागाहून आले, तेव्हा त्यांनी कलम्प्टन येथील सभेचा दाखला ग्वीनेड येथील सभेत सादर केला. समुद्राच्या दोन तीरांवरील दोन दप्तरे अशा एका कागदाने जोडली जातात. वंशशोधकाच्या दृष्टीने जहाजाच्या प्रवासीयादीपेक्षाही हा दाखला अधिक मोलाचा असतो. कारण माणूस आला एवढेच नव्हे, तर तो कोठून आला, हेही तो सांगतो.

‘सातवा महिना’ म्हणजे कोणता?

स्क्वायर बून व सारा मॉर्गन यांचा विवाह ग्वीनेड येथे १७२० सालच्या सातव्या महिन्याच्या २३ तारखेस झाला. अनेक पुस्तकांत व वंशावळींत ही तारीख २३ जुलै अशी छापलेली आढळते. ती चुकीची आहे.

महिन्यांची व वारांची प्रचलित नावे अन्य धर्मांच्या देवतांवरून आलेली असल्याने क्वेकर ती टाळून केवळ क्रमांक लिहीत. परंतु १७५२ पूर्वी ब्रिटिश अंमलाखालील प्रदेशांत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि क्रमांकाच्या गणनेत मार्च हा पहिला महिना धरला जाई. म्हणजे सातवा महिना हा सप्टेंबर होय. त्यातही तेव्हाची जुनी दिनदर्शिका आजच्या दिनदर्शिकेपेक्षा ११ दिवस मागे होती. त्यामुळे आजच्या गणनेने हा विवाह ४ ऑक्टोबर १७२० रोजी झाला असे म्हणावे लागते. डॅनियल यांच्या जन्मतारखेचे गूढही असेच उकलते. जुन्या गणनेने ती २२ ऑक्टोबर १७३४, तर नव्या गणनेने २ नोव्हेंबर. दोन्ही तारखा बरोबर आहेत. चूक होते ती, कोणती गणना वापरली हे न सांगितल्यामुळे.

शिस्तीचे दप्तर

जन्म-विवाहाच्या नोंदींतून कुटुंबाचा सांगाडा उभा राहतो. त्यात प्राण येतो तो सभेच्या इतिवृत्तामुळे. सभासदाने समाजाबाहेर विवाह करणे हा नियमभंग मानला जाई, आणि त्याला संमती देणाऱ्या आईवडिलांनाही जाब द्यावा लागे. मुलीच्या विवाहाबाबत प्रस्थापित रीत सोडून संमती दिल्याबद्दल खुद्द जॉर्ज बून यांनी १७२० साली सभेपुढे आपली चूक कबूल केली होती.

पुढील पिढीत तोच प्रसंग अधिक तीव्रतेने उभा राहिला. १७३० च्या सुमारास स्क्वायर यांनी ओली खोऱ्यात जमीन घेऊन घर बांधले. १७४२ मध्ये त्यांची थोरली मुलगी सारा हिने समाजाबाहेरच्या तरुणाशी विवाह केला. विवाहसमयी ती गरोदर होती. एक्सेटर येथील सभेने विचारणा केली, तेव्हा स्क्वायर यांनी काय करावे हे सुचेनासे झाल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली. पाच वर्षांनी मुलगा इस्रायल यानेही समाजाबाहेर लग्न केले. या वेळी मात्र स्क्वायर यांनी आपले काही चुकले असे मानण्यास नकार दिला. १७४८ मध्ये सभेने त्यांना सभासदत्वातून वगळले.

एकाच माणसाची अवघ्या काही वर्षांतील ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात संकोच आहे, दुसऱ्यात ठामपणा. या बदलामागे काय होते, हे इतिवृत्त सांगत नाही. परंतु बदल झाला, हे आपल्याला केवळ त्याच्यामुळेच समजते.

पत्नी सारा समाजातच राहिल्या. १७५० साली कुटुंब दक्षिणेकडे निघाले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी व मुलांसाठी सभेकडे दाखला मागितला. पतीला तो मिळण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच संसाराचा प्रवास येथे दोन प्रकारे नोंदला गेला : पत्नीचा सभेच्या वहीत, पतीचा जमिनीच्या कागदांत.

दप्तर बदलते, जमीन नाही

नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीच्या खोऱ्यात १७५३ साली स्क्वायर यांना ६४० एकर जमीन मिळाली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या रोअन काउंटीच्या न्यायासनावरही ते बसले. शोध घेणाऱ्याने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बून यांचे ओली खोऱ्यातील घर आज बर्क्स काउंटीत आहे. पण ती काउंटी १७५२ साली निर्माण झाली. त्यापूर्वीचे व्यवहार फिलाडेल्फिया काउंटीच्या दप्तरात शोधावे लागतात. कागद कोठे असेल हे आजचा नकाशा सांगत नाही; व्यवहाराच्या दिवशीचा नकाशा सांगतो.

फिलाडेल्फिया परिसरातील क्वेकर सभांची जुनी दप्तरे आज प्रामुख्याने स्वार्थमोर व हॅवरफर्ड या दोन महाविद्यालयांच्या संग्रहांत आहेत. बून यांचे घर रेडिंग शहराजवळ ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलेले आहे.

वहीबाहेरची माणसे

या नोंदी विपुल असल्या तरी सर्वसमावेशक नाहीत. ओली खोरे ज्या लेनापे लोकांचे होते, त्यांचे जन्म-मृत्यू या वह्यांत नाहीत. आणि वहीतील माणसेदेखील सभेच्या दृष्टीतूनच दिसतात. जो नियमाने चालला त्याच्याविषयी दोन-चार तारखा उरल्या. ज्याने नियम मोडला त्याच्याविषयी मात्र परिच्छेद लिहिले गेले.

प्रारंभीच्या क्वेकरांना थडग्यावर नाव कोरणे हे व्यर्थ अभिमानाचे लक्षण वाटे. १७६५ च्या जानेवारीत निधन पावलेल्या स्क्वायर बून यांच्या नावाची शिळा मात्र नॉर्थ कॅरोलायनात मॉक्सव्हिल येथे आजही जपलेली आहे. ज्या समाजाने त्यांच्या आयुष्याची इतकी बारकाईने नोंद ठेवली, त्याच्या वहीत त्यांचा शेवट नाही. तो त्यांच्या माणसांनी दगडावर लिहिला.