फाळक्यांचे भागीदार

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा तो काढणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके 43 वर्षांचे होते. पंचे नेसायचं बाकी राहिलं होतं, एवढंच. छापखाना सुटलेला, सरकारी नोकरी सोडलेली, मध्यंतरी डोळेही दगा देऊन गेलेले. परेश मोकाशींनी त्यांच्यावर काढलेल्या सिनेमामुळे आपल्याला हसतमुख, उचापती दादासाहेब आठवतात. पण त्यांच्या खतावणीच्या बाजूनं पाहिलं तर चित्र जरा वेगळं दिसतं.

जन्म 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. मुलगा 1885 मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, फोटोग्राफी, ठसे करणं, जे समोर येईल ते त्यानं शिकून घेतलं. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ. पण प्लेगात पहिली बायको आणि मूल दोन्ही गेली, तेव्हा त्या गावात राहण्यात राम उरला नाही. गुजरातेत धंद्याला आणखी एक अडचण होती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी लोकांची समजूत. मधल्या काळात जादूचे प्रयोगही करून झाले. नाव घेतलं प्रोफेसर केळफा! 'फाळके' उलटं वाचून पाहा.

1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो पुढे दादरला आला. 1909 मध्ये जर्मनीला जाऊन रंगीत छपाई पाहून आले. आता कुठं बस्तान बसणार, तर भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या धंद्यांची मेख इथंच आहे. कुठलंही यंत्र या माणसापुढं चार दिवसांत शरण येई, पण भागीदार कधीच आला नाही.

रिकामपणाच्या त्या दिवसांत गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतोय आणि आपल्याला कृष्ण दिसतोय, असं त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकात लिहून ठेवलं आहे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते सिनेमाचं तंत्र शिकायला लंडनला गेले. ना ओळख ना पाळख, थेट 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबर्न भला माणूस. त्यानं आधी या फंदात पडू नका म्हणून सांगितलं आणि मग स्वतःच हेपवर्थच्या स्टुडिओची वाट दाखवली. विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून एप्रिलच्या आरंभी फाळके परतलेसुद्धा.

पैसेवाल्याला पटवण्याची त्यांची युक्ती मला फार आवडते. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर एकेक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल झाला. हिशेबाचा कागद पुढे न करता सावकाराला रोप उगवताना दाखवणारा दुसरा धंदेवाला माझ्या तरी माहितीत नाही.

तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडता येई. दादरच्या घरात अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं फाळक्यांची दुसरी बायको सरस्वतीबाई पाडत आणि दिवसा कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक रांधत. दागिने गेले तेही त्यांचेच. खरी भागीदार म्हणायची तर हीच, आणि ती मात्र टिकली. तारामती करायला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या हॉटेलातला साळुंके उभा केला. सिनेमात काम करतो म्हणायची लोकांना लाज वाटे, तेव्हा फाळक्यांनी शिकवून ठेवलं, 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे' म्हणायचं.

मुंबईत खेळ चालला, पण सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये. नाटक रात्रभर चालायचं, तेही कमी पैशात. हे दीड तासाचं कोण पाहणार? मग फाळक्यांनी जाहिरात बदलली, असं सांगतात: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! गर्दी लोटली. एक चौकट पाऊण इंचाची धरली, तर सत्तावन्न हजारांचा पाऊण मैलही भरत नाही. पण सुरतेच्या बाजारात फूटपट्टी घेऊन कोण आलं होतं?

1914 मध्ये फाळक्यांच्या चित्रपटांना लंडनला वाहवा मिळाली आणि पाठोपाठ महायुद्ध आलं. पैसे लावणारे मागे सरले, एव्हाना नाशिकला हललेला कारखाना कसाबसा तगला. 1917 च्या 'लंकादहन'नं मात्र छप्पर फाडून दिलं. नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागत, असं म्हणतात. ते पाहून मुंबईचे व्यापारी आले आणि 1918 मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. आता पैशाची ददात नव्हती. याच कंपनीच्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.

आणि पुन्हा भागीदारांशी खटके. चित्रपट माझ्या मनासारखा व्हायचा, खर्च किती ते नंतर, हा फाळक्यांचा खाक्या. भांडवलदारांना रोजचा हिशेब हवा. वैतागून ते कंपनी सोडून काशीला गेले आणि 'रंगभूमि' हे नाटक लिहीत बसले. इकडं कंपनीचं त्यांच्यावाचून अडलं, तिकडं त्यांचं पैशावाचून. शेवटी बोलावणं आलं, ते नाशिकला परतले आणि जिथं स्वतः भागीदार होते तिथंच कामाला लागले. पगारावर.