एकोणतिसाव्या पायरीपलीकडे

टेट्रिस नावाच्या खेळात जिंकणे असे काही नसतेच. हरणे तेवढे लांबणीवर टाकावयाचे असते. पडद्यावर एक उभी विहीर दिसते, दहा घरे रुंद आणि वीस घरे खोल. वरून एकामागून एक ठोकळे खाली येतात. प्रत्येक ठोकळा चार चौकोनांचा असतो आणि त्याचे आकार अवघे सात. खेळणाऱ्याने तो डावी-उजवीकडे सरकवावा, फिरवावा आणि खालच्या ठोकळ्यांत नीट बसवावा. एखादी आडवी ओळ फट न राहता भरली की ती नाहीशी होते. फटी राहिल्या तर रास वाढत जाते आणि विहिरीच्या काठाला लागली की खेळ संपला. गवंडी जसा ओबडधोबड चिरे पाहून, फिरवून भिंतीत बसवितो तसेच हे काम. फरक इतकाच, की येथे चिरे वरून आपणहून पडत असतात आणि गवंड्याला थांबण्याची मुभा नसते.

वाचकांपैकी जे १९९० नंतरच्या दशकात लहान होते त्यांस हे वर्णन अनोळखी वाटणार नाही. त्या काळी आपल्याकडील बाजारांत जपानी खेळयंत्रांच्या स्वस्त नकला आल्या होत्या. टीव्हीला जोडावयाचे ते यंत्र, त्याच्या दोन तारांच्या टोकाशी असलेल्या बटणांच्या पट्ट्या, आणि वरच्या खाचेत खोचावयाची ‘कॅसेट’. ज्या घरी ते यंत्र नसे तेथे निदान हातात मावणारा, पेन्सिल-सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ तरी असे. त्यातील मुख्य खेळ म्हणजे या टेट्रिसचीच नक्कल होती.

मूळ खेळ मॉस्कोचा. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ साली तयार केला. त्यांच्यापुढील इलेक्ट्रॉनिका-६० या संगणकास चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी लेखनातील कंसांची चिन्हे जोडून ठोकळे बनविले. खेळ देशोदेशी गेला, त्यावर पुष्कळांनी पैसा मिळविला. पण कर्त्याच्या पदरी त्याचा मोबदला पडू लागला तो १९९६ पासून. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली आपल्या टीव्हीवरील यंत्रासाठी या खेळाची आवृत्ती काढली. पुढे सांगावयाची सारी हकीकत त्या एका आवृत्तीची आहे. ते यंत्र विक्रीतून केव्हाच गेले. पण ही राखाडी कॅसेट जपून ठेवणारी आणि तीवरच खेळणारी माणसे आजही आहेत.

साधारणतः दर दहा ओळी संपविल्यावर खेळाची पायरी एकाने चढते, आणि अनेक पायऱ्यांवर वेगही वाढतो. आरंभी, शून्य पायरीवर, ठोकळ्यास वरून तळापर्यंत यावयास सुमारे सोळा सेकंद लागतात. एकोणतिसाव्या पायरीवर हेच अंतर तो एक तृतीयांश सेकंदात तोडतो. आता अडचण पाहा. दिशेचे बटण दाबून धरले, तर ठोकळा एक घर सरकतो, मग क्षणभर थबकतो आणि त्यानंतर सेकंदाला दहा घरे या चालीने जातो. ठोकळा मध्यावर उतरतो आणि भिंत तेथून साधारण पाच घरे दूर असते. एकोणतिसाव्या पायरीवर तो भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तळाला लागतो. म्हणजे चूक खेळणाऱ्याची नव्हे. यंत्राच्या चालीतच ते बसत नाही. म्हणून वीसएक वर्षे सर्वांनी धरून चालले होते की खेळ येथे संपतो. पुढील पायऱ्या कार्यक्रमात लिहिलेल्या आहेत की नाहीत, याचा विचारही फार थोड्यांनी केला.

एकाने मात्र वेगळी वाट काढली होती. १९९० साली निन्टेन्डोने अमेरिकेत शहरोशहरी स्पर्धा भरविल्या. त्यांत किशोरांच्या गटात थॉर आकरलुंड हा मुलगा पहिला आला. तो बटण दाबून धरीत नसे. अंगठा थरथरवून तेच बटण सेकंदाला दहाहून अधिक वेळा टिपीत असे. मोठेपणी याच हातोटीने तो तिसाव्या पायरीवर जाऊन आला. पण ती त्याची एकट्याची विद्या राहिली. इतरांचा अंगठा थोड्याच वेळात आखडे.

खेळाडू देशभर विखुरलेले होते, आणि प्रत्येकास वाटे की या वेडाचे आपण एकटेच. इंटरनेटमुळे ते एकमेकांस सापडले. पडद्यावर अधिकात अधिक ९,९९,९९९ गुण दिसू शकतात. तेवढे गुण मिळविल्याचा पहिला मान्य पुरावा हॅरी हाँग यांनी २००९ साली दिला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. नंतर ती दरवर्षी ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी भरू लागली. तेथील थाट पाहण्यासारखा होता: काचेच्या नळीचे जुने, बोजड टीव्ही ओळीने मांडलेले. आजच्या सपाट टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत निमिषमात्र उशीर होतो, आणि या खेळात तो निमिषही परवडत नाही. जे टीव्ही लोकांनी भंगारात काढले ते ही मंडळी शोधून, दुरुस्त करून वापरीत.

या स्पर्धेचे पहिले विजेते जोनास न्यूबाउर. २०१० ते २०१७ या आठ वर्षांत सात वेळा अजिंक्यपद त्यांचेच होते. मधल्या २०१४ सालचे तेवढे हाँग यांनी नेले. न्यूबाउर यांचा खेळ शांत होता. चार ओळी एकदम संपविल्या तर एकेक करून संपविण्यापेक्षा कितीतरी अधिक गुण मिळतात. त्यासाठी कडेची एक उभी गल्ली मोकळी सोडून लांब सरळ ठोकळ्याची वाट पाहावी लागते, आणि तो कधी येईल याचा नेम नसतो. ठोकळा लवकर येत नाही त्या वेळेस हे खेळाडू ‘अवर्षण’ म्हणतात. अवर्षणात धीर न सोडता रास आटोक्यात ठेवणे ही न्यूबाउर यांची खरी कसोटी आणि खरी कीर्ती.

पण त्यांची मोठी गोष्ट मला वाटते ती अशी, की आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. घरी बसून ते खेळत, तो खेळ इंटरनेटवर कोणासही पाहता येई, आणि नवशिक्यांच्या प्रश्नांना ते खेळता खेळता उत्तरे देत. असला माणूस स्वतःच्या हाताने आपले प्रतिस्पर्धी घडवीत असतो, हे त्यांस कळत नसेल असे नाही. आपल्या गावांतून किती वैद्य, किती सुतार आणि किती वाजंत्री आपली हातोटी कोणाला न देता गेले, हे आठवले म्हणजे या वागण्याची किंमत कळते.

व्हावयाचे तेच झाले. २०१८ साली अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर कॅलिफोर्नियाचा सोळा वर्षांचा जोसेफ सेली बसला. खेळ त्याच्याहून वयाने मोठा! मुलाने अंगठ्याने टिपण्याची ती अवघड रीत आत्मसात केली होती, आणि एकोणतिसावी पायरी त्याला भिंत वाटत नव्हती. त्याने सरळ तीन डावांत सामना जिंकला. न्यूबाउर यांनी त्याच व्यासपीठावर मुलाचे मनमोकळे कौतुक केले. त्या सामन्याचे चित्रण जगभर लक्षावधी लोकांनी पाहिले, आणि त्यातून मुलांची एक सबंध पिढी या जुन्या कॅसेटकडे वळली. २०२० साली महामारीमुळे स्पर्धा ज्याच्या त्याच्या घरून झाली. अंतिम सामन्यात दोघे सख्खे भाऊ समोरासमोर आले, आणि त्यांतील धाकटा, तेरा वर्षांचा मायकेल आर्टिआगा, विजयी झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जानेवारी २०२१ मध्ये, न्यूबाउर यांचे अकस्मात निधन झाले. वय ३९. ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते अशा पोरांनीही त्यांचा शोक केला.

त्याच सुमारास चीझ या टोपणनावाने खेळणाऱ्या एका तरुणाने तिसरी रीत शोधून काढली. धावण्याच्या शर्यतीचा एक दुसरा जुना यंत्रखेळ आहे; त्यात बटण जलद दाबण्यासाठी एक खेळाडू बोटांची विशिष्ट चाल वापरी. तिच्यावरून याला युक्ती सुचली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पट्टीच्या पाठीवर एकामागून एक टिचक्या मारावयाच्या, तबलजी बोटे सोडतो तशा. पाठीमागून पट्टी उसळते आणि बटण आपोआप अंगठ्यावर दाबले जाते. चार बोटांच्या चार टिचक्या, म्हणजे बटण चार वेळा दाबले गेले. हात आखडत नाही आणि वेग अंगठ्याच्या दुपटीवर जातो. तीस वर्षे ही पट्टी लाखो लोकांच्या हातांत होती. तिची पाठ कोणाच्या ध्यानात आली नाही.

मग पायऱ्यांचा हिशेबच उरला नाही. चाळीस, साठ, शंभर. सामने इतके लांबू लागले की २०२३ साली स्पर्धेच्या चालकांना एकोणचाळिसाव्या पायरीवर वेग दुप्पट करण्याची नवी तजवीज करावी लागली. जी भिंत ओलांडावयास मंडळी धडपडत होती ती पडल्यावर दुसरी मुद्दाम बांधावी लागली, ही एक मौजच म्हणावयाची.

स्पर्धेबाहेर मात्र मूळ कॅसेटवर किती दूर जाता येते, हा प्रश्न उरलाच होता. १३८ व्या पायरीपासून पुढे यंत्राचे रंगांचे कोष्टक चुकते आणि भलतेच रंग दिसू लागतात. १४६ व्या आणि १४८ व्या पायऱ्यांवर तर ठोकळे काळोखात मिसळून जवळजवळ दिसेनासे होतात. त्याही पुढे आणखी एक धोका होता. ओळ संपली की यंत्राने गुणांचा हिशेब करावयाचा. पण त्या जुन्या यंत्राला गुणाकार येत नसल्यामुळे ते तीच बेरीज पायरीच्या संख्येइतके वेळा पुन्हा पुन्हा करते. पायरी दीडशेच्या वर गेली की हा हिशेब ठरलेल्या साठाव्या भाग सेकंदात उरकत नाही, पुढचे काम त्याच्या अंगावर येऊन आदळते आणि खेळ गोठतो. २०२१ साली संगणकाकडूनच हा खेळ खेळवून पाहिला, तेव्हा तो २३७ व्या पायरीवर गोठला. त्यावरून काही हौशी जाणकारांनी कार्यक्रमातील प्रत्येक सूचना तपासली. कोणत्या पायरीवर, किती ओळी एकदम संपविल्या असता खेळ गोठेल, याचे कोष्टक त्यांनी तयार केले आणि सर्वांसाठी खुले ठेवले. पगार नाही, पारितोषिक नाही. ३० वर्षांपूर्वीच्या खेळण्याचा केवढा हा अभ्यास!

२१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील विलिस गिब्सन हा तेरा वर्षांचा मुलगा आपल्या खोलीत बसून खेळत होता. १५५ व्या पायरीवर खेळ गोठण्याची पहिली संधी त्याच्या हातून निसटली. तो खेळत राहिला. १५७ व्या पायरीवर त्याने एक ओळ संपविली, आणि पडदा स्थिर झाला. १५११ ओळी, सुमारे ३८ मिनिटे. मनुष्याने हे प्रथमच केले होते. मुलाला बोलता येईना, बोटे बधिर झाली होती. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले होते. हा विक्रम त्याने त्यांच्या नावे केला.

ही वार्ता जगभर गेली तेव्हा एका इंग्रजी दूरचित्रवाहिनीवरील निवेदिकेने, आपणही आई आहोत असे सांगून, मुलाने पडद्यापासून उठावे, बाहेर मोकळ्या हवेत जावे, टेट्रिस हे काही आयुष्याचे ध्येय नव्हे, असा शेरा मारला. पुष्कळांना तो टोचला. खरे सांगावयाचे तर आपल्यापैकी बहुतेक पालक हेच बोलले असते, आणि पुष्कळदा ते बोलणे रास्तही असते. मोबाईलवर बोट फिरवीत तासन् तास घालविणाऱ्या मुलाला उठविणे हे आईबापांचे काम आहेच. पण पडद्यापुढे बसलेले प्रत्येक मूल एकच गोष्ट करीत असते असे मात्र नव्हे. या मुलाने दोन वर्षे एका कठीण कलेची उपासना केली. ती त्याने ज्यांच्याकडून उचलली त्यांतील कोणी तिच्याबद्दल दाम मागितले नव्हते. वडील गेल्यावर काही दिवसांत त्याने ते काम पुरे केले. रागावण्यापूर्वी मुलाच्या शेजारी दहा मिनिटे बसून तो काय करतो आहे ते विचारावे, एवढे तरी आपल्याला जमण्यासारखे आहे.

यापुढची शिखरे गोठण्याचा दोष काढून टाकलेल्या आवृत्तीवर चढली गेली. तीत २३५ वी पायरी मोठी विचित्र: कार्यक्रमातील एका चुकीमुळे ती ओलांडण्यास दहाऐवजी ८१० ओळी लागतात, आणि त्याही डोळ्यांना नकोशा वाटणाऱ्या हिरव्या रंगात. यंत्राला मोजता येणारी शेवटची पायरी २५५. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकेल आर्टिआगा, जो २०२० साली आपल्या थोरल्या भावाविरुद्ध जिंकला होता तोच, सुमारे ऐंशी मिनिटे अखंड खेळून तीही ओलांडून गेला. पायरीचा आकडा फिरून शून्यावर आला आणि ठोकळे पुन्हा आरंभीच्या मंद चालीने उतरू लागले. त्याने खेळ थांबविला नाही.