बोट पाण्यात घालण्याआधी

आज आम्ही तुम्हाला लांब नेणार आहोत, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्ट या बंदरात. तिथून उत्तरेला गेलं की अलास्काची हद्द लागते. उन्हाळ्यात काही कुटुंबं अठरा-वीस फुटांची बोट ट्रेलरवर चढवून, गाडीमागे जोडून इथवर येतात. शेवटच्या प्रिन्स जॉर्ज या मोठ्या शहरापासूनच सातशे किलोमीटर रस्ता आहे. पुढे नुसती बेटं, जंगल आणि थंड समुद्र. बऱ्याच ठिकाणी मोबाईल लागत नाही. त्यामुळे सगळी तयारी घरूनच करावी लागते. ती कशी, ते बघू.

आधी ट्रेलर. लांबच्या प्रवासात चाकाचं बेअरिंग तापतं. तसंच गरम चाक थंड पाण्यात उतरवलं, तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. ग्रीस खराब होतं आणि परतीच्या वाटेवर बेअरिंग जाम होतं. म्हणून दर थांब्याला चाकाजवळ हात नेऊन बघायचं आणि बोट उतरवण्याआधी चाक निवू द्यायचं. जादा चाक, बेअरिंग, ग्रीस सोबत हवंच. भारही नीट लावायचा. बैलगाडी उलाळ भरली तर काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ट्रेलरही मागे जड झाला, की रस्त्यावर डावी-उजवीकडे झोकांड्या खातो. एकूण वजनाचा निदान दहावा हिस्सा पुढच्या जोडावर यायला हवा.

मग इंधन. त्याचे तीन भाग धरायचे. एक जायला, एक यायला आणि एक राखून ठेवायला. वारा उलटा फिरला तर तोच तिसरा भाग घरी आणतो.

कोकणातल्या मैत्रिणींना उधाण आणि भांग नवे नाहीत. प्रिन्स रूपर्टला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक सात मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दोन मजली घराएवढा. म्हणून नांगराचा दोर भरतीच्या खोलीवर मोजायचा, किमान पाचपट. ओहोटीला पाच मीटर पाणी असेल, तर भरतीला बारा होईल आणि दोर साठ मीटर लागेल.

खरा धोका थंड पाण्याचा. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी त्याचं सोपं सूत्र सांगितलं आहे: एक, दहा, एक. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सांभाळायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर यायची धडपड करायची. थंडीनं शुद्ध जायला साधारण एक तास लागतो. पण हा तास मिळतो तो अंगात लाइफ जॅकेट असेल तरच. ते बाकाखाली ठेवून उपयोग नाही. पाण्यात बोटं आखडतात, मग बंद बसत नाहीत. हातातला रेडिओही अंगालाच बांधलेला हवा. मदतीसाठी 16 नंबरचं चॅनेल लावतात.

शेवटची तयारी म्हणजे घरी ठेवायची चिठ्ठी. बोटीत कोण आहे, बोटीचा रंग, वाट, मुक्काम, निरोप कधीपर्यंत येईल आणि नाही आला तर तटरक्षक दलाला कोणत्या नंबरवर कळवायचं, हे सगळं तिच्यात लिहितात. वेळ लिहिलेली नसेल, तर घरचं माणूस ‘येतील अजून थोड्या वेळानं’ म्हणत बसतं आणि शोध उशिरा सुरू होतो. ती मंडळी सुखरूप पोचली, की तसं कळवायचंही असतं. नाहीतर शोधणारे विनाकारण पाण्यात उतरतात.

आपल्याकडेही धरणाच्या पाण्यातून, खाडीतून माणसं होडीनं ये-जा करतात, मासेमारीला जातात. लाइफ जॅकेट आणि चिठ्ठी या दोन गोष्टी आपल्यालाही जमण्यासारख्या आहेत. गटाच्या पुढच्या बैठकीत अशी चिठ्ठी लिहून बघा. कोणाला, किती वाजता फोन करायचा, एवढं तरी त्यात असू द्या.